ताडपत्रीखालची जीप

मोबाइलवर एका प्रकारचे व्हिडिओ कितीही बघितले तरी कंटाळा येत नाही. अमेरिकेतलं कुठलंतरी गाव. घराला लागून दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज. आत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एक गंजकी, लांबलचक गाडी. एक माणूस ती सुटी करतो, पत्रा कापतो, जोडतो, इंजिन उतरवून पुन्हा बांधतो, रंग मारतो. वीस मिनिटांत दोन वर्षांचं काम संपतं. शेवटी किल्ली फिरते, इंजिन गुरगुरतं आणि आपण पुढच्या व्हिडिओकडे वळतो.

समजा, हा व्हिडिओ बघणारा मुलगा वाशीचा आहे. नवी मुंबईतलं वाशी नव्हे. धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या पठारावरचं, तालुक्याचं वाशी. (‘वाशी’ आणि ‘जुने स्पेअर पार्ट’ असं शोधलं की फोन त्याला हमखास तीनेकशे किलोमीटर लांबच्या खाडीकाठी पाठवतो.) समजा, त्याच्या आजोबांच्या वाड्यामागे, गोठ्याला लागून, फाटक्या ताडपत्रीखाली १९६८ सालची एक जीप उभी आहे. आधी ती सरकारी होती. मग लिलावात निघाली आणि आजोबांनी घेतली. ऐंशीच्या दशकात तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. काही वर्षं तिने शेतीची, लग्नाची, दवाखान्याची सगळी कामं केली. मग घरात दुसरी गाडी आली आणि हिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

ही जीप मी कल्पनेने उभी केली आहे. पण मराठवाड्यात अशा जीपगाड्या किती वाड्यांमागे आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आता त्या मुलाला वाटतं, आपणही ही गाडी पुन्हा उभी करावी. तो हातात पाना घेतो आणि पहिल्याच दिवशी एक प्रश्न समोर येतो. व्हिडिओतला माणूस म्हणतो, ‘गाडी मूळ रूपात आणायची.’ या जीपचं मूळ रूप कोणतं? १९६८ साली कारखान्यातून निघालेली पेट्रोल जीप, की गावाने जिला ‘अमक्याची जीप’ म्हणून ओळखलं ती डिझेलची?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागेल. अमेरिकेत, मुंबईत आणि मग आपल्या काळ्या मातीत.

१९६४ : तिकडे आणि इकडे

अमेरिकन मसल कारची गोष्ट सांगताना बहुतेक जण १९६४ पासून सुरुवात करतात. पाँटियाक ही जनरल मोटर्स कंपनीची एक शाखा. मधल्या आकाराच्या गाडीत किती मोठं इंजिन बसवायचं याला कंपनीने मर्यादा घातली होती. पाँटियाकच्या इंजिनिअरांनी, त्यात जॉन डिलोरियन हे पुढे गाजलेलं नाव, त्यातून पळवाट काढली. मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन मधल्या आकाराच्या टेंपेस्ट गाडीला ‘जादा पर्याय’ म्हणून देऊ केलं. त्या पर्यायाचं नाव जीटीओ. ताकद ३२५ अश्वशक्ती. साधी बॉडी, राक्षसी इंजिन आणि तरुण पोराला परवडेल अशी किंमत, हे तिचं सूत्र. बाकी कंपन्यांनी ते लगेच उचललं. दहा वर्षांच्या आत हा बहर ओसरलाही. धुराचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलेलं काम केलं.

पुढे त्या गाड्यांभोवती एक संस्कृती तयार झाली आणि तिचे दोन पंथ पडले. एका पंथाला सगळं मुळासारखं हवं. इंजिनावरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळला पाहिजे. तो जुळला की गाडीची किंमत कुठच्या कुठे जाते. दुसरा पंथ म्हणतो, रूप जुनं ठेवा, पण आत नवं इंजिन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग घाला. याला तिकडे ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. तुम्ही बघता ते निम्मे व्हिडिओ याच पंथाचे.

त्याच १९६४ साली भारतात काय मिळत होतं? अँबॅसिडर, इंजिन दीड लिटरच्याही किंचित आत. फियाट ११००, सव्वा लिटरहून लहान. स्टँडर्ड हेराल्ड. गाडी हवी तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. परदेशी गाडी आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं. ‘भारताची मसल कार’ म्हणून हौशी लोक आज जिचं नाव घेतात ती हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आली १९८४ साली. इंग्लंडमधल्या व्हॉक्सॉल व्हिक्टरच्या साच्यावरची. रुबाब जबरदस्त, पण सुरुवातीला आत बसवलं होतं अँबॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन. पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराचं काळीज म्हणा ना. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा तिला जरा दम आला.

मग आपल्याकडे ताकदीची गाडी कोणती? साठच्या दशकातल्या त्या यादीत सगळ्यात मोठं इंजिन असलेली, चिखलातून निघणारी आणि खेड्यात खरोखर पोचलेली गाडी एकच होती. जीप.

रणांगणावरून माझगावला

जीप दुसऱ्या महायुद्धाचं अपत्य. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी काढली. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीने दिला, पण मोठ्या प्रमाणावर गाड्या बनवल्या त्या विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त. इंजिन २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. आकडे आज मामुली वाटतील, पण गाडीचं वजन जेमतेम एक टन होतं.

१९४५ साली लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद हे त्यांचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरलही. इकडे कंपनीचं नाव १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईच्या माझगावला पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून विलीज जीप तयार होऊ लागली.

याच सुमारास जीपने आणखी एक पराक्रम केला. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या मोठ्या घोटाळ्याला नाव दिलं. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू असताना लष्कराला जीपगाड्या तातडीने हव्या होत्या. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. करार होता जुन्या, दुरुस्त करून दिलेल्या जीपगाड्यांचा. आल्या फक्त १५५ आणि त्याही वापरता येण्यासारख्या नव्हत्या. १९५५ मध्ये सरकारने हे प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. म्हणजे ‘रिस्टोअर केलेली जीप’ हा शब्द आपल्याकडे हौसेच्या आधी संसदेत गाजला. वरून रंग मारला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं होत नाही, हा धडा देशाने तेव्हाच पैसे मोजून घेतला होता.

१९५३ साली विलीजने सीजे-थ्री-बी हा नमुना आणला. यात ‘हरिकेन’ नावाचं नवं इंजिन होतं. तेही २.२ लिटरचंच, पण ताकद सत्तरीच्या पुढे. ते उंचीला जास्त, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या जीपचं ते उंच कपाळ तिथून आलं. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद पडला. महिंद्राने मात्र तो पुढेही कित्येक वर्षं चालवला. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तरला परमवीर अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे टिपले, ते जीपवर बसवलेल्या तोफेनेच.

रेल्वे नसलेल्या गावात

आपली कल्पनेतली जीप वाशीला पोचली तेव्हा हा भाग कसा होता, हे समजल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचं जुनं नावही शेवटच्या निजामाच्या नावावरून पडलेलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि पाच दिवसांत संस्थान संपलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. रेल्वे म्हणाल तर बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी कुर्डुवाडीहून बार्शी, येडशीमार्गे लातूरला जायची. जिल्ह्याच्या मुख्य गावालासुद्धा ती शिवत नव्हती, तर वाशीचं काय घेऊन बसलात. आज तालुक्यातून तेरखेडा, पारगाववरून सोलापूर–धुळे महामार्ग सुसाट जातो. पण महामार्ग सोडून आत वळलं की पावसाळ्यात काळी माती काय करते, हे ज्याच्या चपलेला ती चिकटली आहे त्यालाच माहीत. बैलगाडी रुतते, बस फाट्यावरच थांबते. चारही चाकं ओढणारी गाडी तिथे चैन नव्हती.

म्हणून खेड्यात जीप सगळ्यात आधी आली ती सरकारची. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी जन्माला आली. १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आल्या. त्यांच्या दारात जीप. प्राथमिक आरोग्य केंद्रांना युनिसेफकडून गाड्या मिळाल्या. गावात जीपचा आवाज आला की कुणीतरी ‘साहेब’ आला, हे पोरांनाही कळायचं. देवीची लस, कुटुंबनियोजन, ७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावरची तपासणी, निवडणुकीतला कर्णा; सरकार आणि राजकारण गावात येताना जीपमधून उतरायचं.

मग या सरकारी गाड्या जुन्या होऊन लिलावात निघू लागल्या. लष्कराच्याही निघायच्या. ज्याच्याकडे चार पैसे आहेत असा शेतकरी, आडत दुकानदार, गुत्तेदार त्या घ्यायचा. साहेबाची गाडी गावाची झाली ती अशी. पुढे कमांडर, ट्रॅक्स वगैरे लांब गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात फाट्या-फाट्यावर उभ्या राहिल्या. आत बारा, मागे लटकलेले सहा आणि टपावर कोथिंबिरीची गाठोडी. एसटी न पोचलेल्या वाड्या-वस्त्यांवरची मुलं कॉलेजात गेली ती अशा गाड्यांतून.

नवं काळीज

लिलावात जीप घेणाऱ्या शेतकऱ्याला पहिला दणका बसायचा पेट्रोल पंपावर. हरिकेन इंजिन ताकदवान, पण पिणारं. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. अमेरिकेत याच संकटाने मसल कार मेली. आपल्याकडे मात्र जीपचं पेट्रोल इंजिन मेलं आणि जीप उरली. कारण डिझेल पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होतं आणि शेतकऱ्याच्या घरात ट्रॅक्टरमुळे, विहिरीवरच्या इंजिनमुळे ते आधीच आलेलं होतं.

खुद्द महिंद्राने सत्तर-ऐंशीच्या दशकांत डिझेल जीप बाजारात आणली. त्यातल्या एका इंजिनाचं मूळ फार मजेदार आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीसोबत मुंबईत बी-२७५ हा ट्रॅक्टर बनायचा. त्याच घराण्याचं इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. याचा खेड्यात अर्थ काय, तर ज्या मिस्त्रीने ट्रॅक्टर खोलला होता त्याला जीप खोलायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर २.१ लिटरचं डिझेल इंजिन आलं. ते नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला बनू लागलं. एमएम-५४० वगैरे गाड्यांमधून ‘प्यूजो इंजिन’ हा शब्द गॅरेजात रुळला.

पण नवी डिझेल जीप घ्यायला पैसे कुणाकडे होते? म्हणून लोकांनी जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि मिळेल ते डिझेल बसवलं. कधी अपघातात गेलेल्या दुसऱ्या जीपचं, कधी मॅटाडोरचं. मॅटाडोर ही पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी बजाज टेंपोची गाडी. तिचं इंजिन मर्सिडीजच्या आराखड्यावरचं. म्हणजे अमेरिकन चेसिस, जर्मन आराखड्याचं इंजिन आणि मराठवाड्यातला वेल्डर, असा संगम एखाद्या बॉनेटखाली सापडू शकतो.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांसाठी बनलेले नसतात. मध्ये जाड लोखंडी प्लेट लेथवर कातून बसवावी लागते. तिचं केंद्र केसभर चुकलं तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग आवाज करू लागतं. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसतात. वाढीव पान घालावं लागतं. त्याचा हादरा जास्त, म्हणून इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड करून रबर बदलावं लागतं. रेडिएटर मोठा लागतो. डिझेल इंजिन पेट्रोलएवढं जोरात फिरत नाही आणि जुन्या जीपचं डिफरन्शियल तर सावकाश, ताकदीच्या चालीसाठी कातलेलं. म्हणून गाडी ओढते बैलासारखी, पण रस्त्यावर पळत नाही. मग कुणी डिफरन्शियलचे दातेही बदलतो. पुढच्या चाकांचा शाफ्ट काढून ठेवायचा, म्हणजे तेल वाचतं, हाही एक सर्रास उपाय.

याचे नकाशे कुणी छापले नाहीत. एका मिस्त्रीने केलं, दुसऱ्याने बघितलं, तिसऱ्याने त्यातली चूक सुधारली. व्हिडिओतला अमेरिकन ज्याला रेस्टोमॉड म्हणतो ते आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी गरजेपोटी झालं होतं. फक्त त्याला नाव नव्हतं आणि कुणी त्याचे फोटो काढले नाहीत.

आता हात काळे करू

तर वाशीच्या त्या मुलाने सुरुवात कुठून करावी?

सगळ्यात आधी चेसिस. आपल्या भागाची एक सोय आहे. हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखा पत्रा सर्रास चाळण होत नाही. पण मडगार्डच्या आत आणि पायाखालच्या पत्र्यावर वर्षानुवर्षं चिखल बसून राहिला असेल तर तिथे गंज हमखास. हातोडीने टकटक करत जायचं. ठणठण आवाज आला तर लोखंड जिवंत, भद्द आवाज आला तर पत्रा कापून नवा लावायचा. चेसिसवर नंबर ठोकलेला असतो, तिथे ग्राइंडर चुकूनही फिरवायचा नाही. तो नंबर गेला की कागदावर गाडीच गेली.

मग इंजिन. पंधरा-वीस वर्षं उभं असलेलं इंजिन लगेच हँडल मारून फिरवायला जाऊ नये. पिस्टनच्या रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात, जोर केला तर मोडतात. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडायचं, चार-आठ दिवस थांबायचं आणि मग हाताने, सावकाश फिरवून बघायचं. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. टाकीतलं जुनं डिझेल फेकायचं. टाकी गंजली असेल तर आत मूठभर बारीक खडी आणि रॉकेल घालून ती खळाखळा हलवायची, धुवायची, वाळवायची. पंप आणि नोझल मात्र घरी खोलायच्या भानगडीत पडू नये. ते मायको पंपाचं काम करणाऱ्याकडे मशीनवरच तपासून घ्यावं. वायरिंग उंदरांनी ठेवलं असेल असं धरून चालू नका. सगळं काढून नवं ओढा आणि आधी नसलेला फ्यूज बॉक्स टाका.

सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकाच नळीचा मास्टर सिलिंडर. एका चाकाकडे जरी तेल गळलं तरी चारही ब्रेक जातात. ज्या काळात रस्त्यावर बैलगाड्याच होत्या त्या काळात हे निभावलं. आज महामार्गावर भरलेले ट्रक असताना निभणार नाही. म्हणून दोन स्वतंत्र नळ्यांचा मास्टर सिलिंडर बसवणं, जमल्यास पुढे डिस्क ब्रेक आणि सीट बेल्ट. इथे मुळाशी इमान राखण्याचा आग्रह धरू नये. संग्रहालयात ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. घरातल्या माणसांना बसवायचं असेल तर गाडी थांबली पाहिजे.

भाग कुठून मिळतील? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात. फारच अडलं तर थेट हरियाणातलं मंडी डबवाली. लष्करी भंगारातून जीप बांधण्यासाठी ते गाव देशभर प्रसिद्ध आहे. आणि लिलावातली गाडी कशी जपतात हे बघायचं असेल तर जामखेडमार्गे अहिल्यानगर गाठावं. तिथल्या रणगाडा संग्रहालयात लोखंड पन्नास-शंभर वर्षं कसं टिकवतात हे समोर दिसतं.

कागदावरची ‘मूळ’ गाडी

पत्र्याचं, इंजिनाचं जमलं तरी शेवटी आरटीओ आहे. आणि आपला पहिला प्रश्न खरा तिथेच अडतो.

जुन्या काळी गाडीत बदल करायचा तर परिवहन अधिकाऱ्याला कळवून, मंजुरी घेऊन आरसी बुकात नोंद करता येत असे. पेट्रोलची डिझेल झालेल्या कित्येक गाड्यांच्या पुस्तकांत तशी नोंद सापडते. २००० साली मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदललं आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यावर मोठी बंधनं आली. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला : कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. सुरक्षिततेचा विचार करता यात तथ्य आहे. कुणीही कसंही वेल्डिंग करून रस्त्यावर उतरावं असं कुणी म्हणणार नाही.

मग जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी खास नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आणि मुख्य अट : गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको.

१९६८ ची आपली जीप वयाच्या अटीत बसते. इंजिनाच्या अटीत मात्र ती नापास होते.

म्हणजे पाहा. ज्या जीपला कुणी हात लावला नाही, जी एखाद्या श्रीमंताच्या शेडमध्ये झाकून राहिली, ती ‘वारसा’ ठरते. जिने पन्नास वर्षं काम केलं आणि ते करता यावं म्हणून जिचं काळीज बदललं, ती कागदावर नुसती जुनी गाडी उरते. तिला बाकी खासगी गाड्यांसारखं पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. कारसाठी ही फी २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजार झाली. नियम वाईट हेतूने केलेला नाही. व्हिंटेज म्हटल्यावर सरकारच्या डोळ्यांसमोर राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस आणि महानगरांतल्या रॅल्या आल्या असतील. दिल्लीतली स्टेट्समनची रॅली १९६४ पासून चालू आहे. जपण्याची भाषा तिथेच घडली. वाड्यामागची जीप त्या भाषेत नव्हतीच.

मग काय करायचं?

वाशीच्या मुलासमोर आता दोन रस्ते आहेत. एक, कुठूनतरी हरिकेन इंजिन मिळवायचं, डिझेल भंगारात घालायचं आणि गाडी १९६८ सालात नेऊन ठेवायची. फोटो छान येतील, कदाचित व्हीए नंबरही मिळेल. दुसरा, डिझेल तसंच ठेवायचं, बांधून घ्यायचं, ब्रेक सुधारायचे आणि आरसी बुकात इंजिनबदलाची जुनी नोंद आहे का ते आधी तपासायचं. नोंद असेल तर नूतनीकरणाचा मार्ग बराच सरळ. नसेल तर एक रुपयाही खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन विचारायचं. रंग मारून झाल्यावर नव्हे.

माझं मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. पहिल्या रस्त्याने गेलं तर गाडीच्या आयुष्यातली पहिली पंधरा वर्षं राहतात, जेव्हा ती सरकारची होती. आजोबांची वर्षं पुसली जातात. ती प्लेट कातणारा लेथवाला, पाट्यात एक पान वाढवणारा मिस्त्री, यांच्या कामाचा दुसरा कुठलाही पुरावा उरलेला नाही. तो त्या बॉनेटखालीच आहे. मराठवाड्यात हाताने काम करणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. तो असा लोखंडात राहिला आहे आणि भंगाराच्या भावाने किलोवर जातो आहे.

पहिला रस्ता धरायचा असेल तरी हरकत नाही. गाडी तुमची आहे. फक्त डिझेल इंजिन आणि ती कातलेली प्लेट विकू नका. पोत्यात गुंडाळून, तेल लावून कोपऱ्यात ठेवा.

आणि कुठलाही रस्ता धरा, पाना लावण्याआधी तीन कामं करा. प्रत्येक बाजूने, खालून, बॉनेट उघडून भरपूर फोटो काढा. फोन हातात आहेच. आरसी बुकाचं पानन्‌पान स्कॅन करा. त्यात मालक, रंग, इंजिन यांच्या नोंदी क्रमाने असतात, तेच गाडीचं चरित्र. आणि गावात जो कुणी म्हातारा मिस्त्री अजून असेल त्याला खुर्ची टाकून गाडीसमोर बसवा, चहा द्या आणि रेकॉर्डिंग चालू करून विचारा, ‘मामा, हे इंजिन कुणी बसवलं होतं?’

रंग खरवडायला घ्याल तेव्हा पत्र्यावर थर दिसतील. वरचा निळा, त्याखाली कदाचित पांढरा, त्याखाली आणखी काही. सगळा खरवडा, गंज काढायलाच हवा. पण डॅशबोर्डच्या खाली, आत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे तळहाताएवढा तुकडा तसाच सोडा. उद्या तुमची पोरं ही गाडी पुन्हा उघडतील, तेव्हा त्यांना थर मोजता येतील.